थंडीची जागा घेणारी बरणी

पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात डुक्कर कापायचं ते कडाक्याच्या थंडीत. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनचा सण येतो. तो उलटला आणि हवा गार झाली की शेतकरी कुटुंबं शेजाऱ्यापाजाऱ्यांना मदतीला बोलावत आणि वर्षभर पोसलेलं जनावर अंगणात आणत. त्या दिवशी लागणाऱ्या वस्तू ठरलेल्या असत: लांब टोकदार सुरी, जनावर आडवं धरायचा बाक, रक्त झेलायचं मातीचं भांडं, केस जाळायला पेंढा किंवा काटेरी झुडपं, खरवडायला बोथट पातं, टांगायला आकडा, हाडांसाठी करवत आणि शेवटी मांस मिठात पुरून ठेवायची जाड पेटी. पण हे सगळं सामान ज्याच्या भरवशावर चाले ते हत्यार या यादीत नाही, कारण ते कुणाला घडवावं लागत नसे. ते म्हणजे थंडी. मीठ मांडीच्या गाभ्यापर्यंत झिरपायला कित्येक दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत आतलं मांस नासू न देण्याचं काम थंडी करते.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख, साष्टी आणि मुंबईच्या बेटांसह, पोर्तुगिजांना दिला. साष्टीच्या पूर्व काठावर ठाणे. खाडीची दमट हवा, डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेलाही फार तर स्वेटर घालावासा वाटेल एवढाच गारवा, आणि दुपारी पुन्हा ऊन. अशा जागी मांडी मिठात घालून आठवडाभर ठेवली तर मीठ आत पोचण्याआधी ती हाडाजवळून कुजणार. म्हणजे पोर्तुगीज शेतकऱ्याच्या सामानातली सुरी, आकडा, करवत सगळं जहाजातून आणता आलं असतं, पण ज्याच्या जोरावर ते सामान उपयोगी पडे तेच नेमकं आणता येत नव्हतं. ठाण्या-वसईत डुकराचं मांस करणाऱ्यांनी ही उणीव कशी भरून काढली, हे समजलं की त्यांच्या स्वयंपाकघरातल्या आणि अंगणातल्या प्रत्येक वस्तूचा अर्थ लागतो. माझं मत असं की इथल्या डुक्करकापणीचं खरं नवं हत्यार सुरी नव्हेच. ते आहे आंबट भरून ठेवायची बरणी.

सुरीपासूनच सुरुवात करू, कारण तीच सगळ्यांत जुनी. मांस कापायची विद्या या भागाला कुणी बाहेरून शिकवली नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण युगातली, म्हणजे तीन हजार वर्षांमागची, जनावरांची हाडं निघाली आणि त्यांतल्या कित्येकांवर कापल्याच्या खुणा आहेत. तांबं तेव्हा दुर्मीळ होतं. कापणं चाले ते गारेच्या जातीच्या दगडातून काढलेल्या लांबट, पातळ पात्यांवर. ठाण्यापुरतं बोलायचं तर तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने इथल्या बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कमावलेल्या चामड्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. जिथे चामड्याचा एवढा व्यापार, तिथे जनावर सोलणारे कुशल हात आणि धारदार पाती असणारच.

पण सोलणाऱ्याची विद्या डुकराला चालत नाही, आणि इथेच सगळी गोम आहे. बकरा टांगतात, पायापासून चीर देतात आणि मुठीने कातडं मांसापासून सुटं करत खाली ओढतात. त्याला लहान बाकदार पातं आणि मनगटातला जोर पुरतो. डुकराची कातडी मात्र खायची असते. तिच्याखालचा चरबीचा थर तिला इतका घट्ट धरून असतो की सोलायला गेलं तर चरबीही कातडीबरोबर जाते. म्हणून कातडी ठेवायची आणि केस काढायचे. बकऱ्याच्या जिवंत वजनापैकी साधारण निम्म्याहून कमी वजन हाती लागतं आणि डुकराचं सत्तर टक्क्यांच्या पुढे, याचं एक कारण हे की त्याची कातडी फेकली जात नाही. लग्नाच्या मांडवात शे-दीडशे पानं वाढायची असतील तर हा फरक यजमानाला बरोबर कळतो.

केस काढायच्या दोन रिती. एक उकडीची, एक जाळाची. उकडीत पाणी साठ-बासष्ट अंश सेल्सियसच्या आसपास हवं. त्याहून गार असेल तर केस सुटत नाहीत, आणि उकळतं असेल तर कातडीच शिजून आवळते आणि केस अधिकच घट्ट धरून बसते. त्यासाठी अख्खं जनावर बुडेल एवढी हौद-टाकी पाहिजे, तेवढं पाणी तापवायला सरपण पाहिजे, आणि तापमान ओळखणारा जाणता माणूस पाहिजे. अंगणात एखाददुसरं जनावर करणाऱ्याला हा खटाटोप परवडत नाही. म्हणून कोकणपट्टीत आणि गोव्यात जाळाची रीत टिकली. भाताचा पेंढा किंवा नारळाच्या वाळक्या झावळ्या पेटवून जनावरावरून फिरवायच्या, केस जळून कातडी काळपट झाली की गरम पाणी ओतत सुरीच्या पाठीने नाहीतर करवंटीच्या काठाने खरवडायचं. खालून पिवळसर पांढरी, गुळगुळीत कातडी निघते आणि तिला धुराचा वास लागतो तो शिजल्यावरही जात नाही. पोर्तुगीज शेतकरीही पेंढ्याने जाळत, आणि शहापूर-मुरबाडच्या रानात रानडुकराची शिकार आणणारे आदिवासीही जाळावरच केस काढत. म्हणजे ही रीत दोन्हीकडे आधीपासूनची होती, तिथे कुणाला कुणाकडून उसनं घ्यावं लागलं नाही. गावाबाहेर डुकरं पाळणाऱ्या वडार-कैकाडी कुटुंबांचंही असंच. पोर्तुगीज येण्याआधी इथे डुक्कर खाल्लंच जात नव्हतं, ही समजूत चुकीची आहे. ज्यांच्या ताटात ते होतं त्यांच्याबद्दल लिहिणारे कमी होते, एवढंच.

जाळून, धुऊन झालं की पोट फाडणं, आतडी सोडवणं आणि मग तोडणं. तोडायला सत्तूर. रुंद, जड, पुढे वजन असलेलं पातं. त्याच्या धारेइतकंच त्याचं वजन कामाला येतं, म्हणून हात उचलायचा आणि पडू द्यायचा, दाबायचं नाही. हा सत्तूर इथे अरबी-फारसीच्या वाटेने आला, दख्खनी सुलतानांच्या काळातल्या खाटीक-कसायांबरोबर. कल्याण-भिवंडीच्या बाजारात तो मटणासाठी चालला. कल्याण पोर्तुगिजांच्या हाती कायमचं कधीच गेलं नाही. तिथल्या मांसबाजाराची घडण सुलतानी, मोगली आणि मराठी अमदानीतली, आणि त्या बाजाराला डुकराचं वावडं. तरी त्याच घाटाचा सत्तूर खाडीपलीकडच्या ख्रिस्ती अंगणात डुकराच्या बरगड्या तोडताना दिसे. हत्यार एका धर्माच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं. पातं मात्र दोघांचं कधी एक झालं नाही. मटणाचा गाळा आणि डुकराचा गाळा वेगळा, ठोकळा वेगळा, सुरी वेगळी, हा नियम आजही कुणाला सांगावा लागत नाही.

सत्तुराखाली ठोकळा चिंचेचा. चिंचेचं लाकूड जड आणि चिवट. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे घाव बसला तरी ढलप्या उडत नाहीत आणि मांसात भुसा मिसळत नाही. काम संपलं की ठोकळा खरवडून त्यावर जाडं मीठ चोळतात. भाईंदरच्या मिठागरांमुळे या पट्ट्यात मीठ कधी दूरचं नव्हतं.

पाती कोण घडवी? गावचा लोहार, आणि रस्त्याकडेला भाता मांडून बसणारे फिरते घिसाडी. गेल्या काही पिढ्यांत त्यांचा कच्चा माल बदलला. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे तापवून, ठोकून त्यातून कोयते आणि सत्तूर निघू लागले. कमानीचं पोलाद न तुटता वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे हाडावर आपटून पात्याचा तुकडा उडत नाही. ठाणे-कल्याणच्या हमरस्त्यावर मोडीत निघालेल्या ट्रकांचे पाटे असे अनेकांच्या स्वयंपाकघरात पोचले आहेत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या माणसांच्या हातून हे काम झालं त्यांची नावं कुठल्याच बखरीत, दप्तरात नाहीत, पण घाव कसा बसतो हे त्यांना कुठल्याही कारखान्यापेक्षा नेमकं ठाऊक होतं.

इथपर्यंत सगळं लोखंडाचं. आता दुसरं कुळ येतं, मातीचं आणि दगडाचं, आणि नवं काही घडलं ते इथेच.

त्यासाठी पुन्हा कापणीच्या पहिल्या क्षणाकडे जाऊ. सुरी गळ्याच्या मुळाशी, छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेतून आत जाते आणि मोठ्या रक्तवाहिन्या कापते. चांगल्या हाताने केलं तर जनावराच्या वजनाच्या तीन-चार टक्के रक्त भांड्यात येतं. साठ किलोच्या डुकराचं सुमारे दोन लिटर. हे रक्त पाच-दहा मिनिटांत गोठतं आणि एकदा गोठलं की रश्शात मिसळत नाही. म्हणून भांड्यात आधीच आंबट घालून ठेवतात आणि रक्त पडत असताना हाताने किंवा काठीने ढवळत राहतात. आंबटामुळे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचं काम बिघडतं, ढवळण्याने तयार झालेले धागे काठीला गुंडाळून बाहेर येतात. सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या आंबट कालवणाचा गडद, मखमली रस्सा या दोन लिटरांवर अवलंबून असतो. ही सोय आलेंतेजूच्या सारापातेलमधून इथे आली. तोच पदार्थ ईशान्य ब्राझीलमध्येही गेला आणि आजही तिथे शिजतो. एकाच साम्राज्याच्या जहाजांनी तो पृथ्वीच्या दोन टोकांना पोचवला.

आता हे आंबट कुठलं? पोर्तुगालमध्ये द्राक्षाची वाईन आणि तिचा शिरका. जहाजावर मांस पिंपात घालत ते वाईन किंवा शिरका आणि लसूण यांत मुरवून. ठाण्या-वसईत द्राक्ष नव्हतं, पण ताड आणि माड होते, आणि ते पाझरवणारे भंडारी होते. कमरेला कोयता लावून झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या हाती या कहाणीची किल्ली होती. माडीत साखर भरपूर. उतरवल्यापासून काही तासांतच ती फसफसू लागते, साखरेची दारू होते, आणि तशीच उघडी ठेवली तर हवेतल्या जिवाणूंमुळे काही आठवड्यांत त्या दारूचा शिरका होतो. वाईनच्या शिरक्याहून तो थोडा सौम्य, पण काम भागवणारा. पोर्तुगीज स्वयंपाक्याला हवी ती चीज झाडावरून खाली उतरत होती, फक्त मुरायला वेळ द्यायचा होता. विंदालू, ज्याला ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या ख्रिस्ती घरांत इंदियालही म्हणतात, तो या किनाऱ्यावर असाच घडला: पोर्तुगीज लसूण-शिरक्याची रीत, भंडाऱ्याच्या झाडाचं आंबट, अमेरिकेतून पोर्तुगीज जहाजांनीच आणलेली मिरची, आणि इथे मिळणारी दालचिनी, मिरी, जिरं.

आणि या आंबटाने स्वयंपाकघरातली सगळी भांडी बदलायला लावली. तांब्या-पितळेच्या पातेल्यात शिरका घातला तर पदार्थ कळकतो. कल्हई असली तरी ती आंबटापुढे फार दिवस टिकत नाही. लोखंड काळं पडतं आणि चव बिघडवतं. म्हणून मांस मुरवायला मातीचं भांडं, शिजवायलाही मातीचंच, मसाला वाटायला दगडी पाटा, ढवळायला लाकडाची डाव, साठवायला आतून काचेचा लेप असलेली चिनी मातीची बरणी. गोव्यात हीच बरणी बोयांव म्हणून घराघरांत असते. मसाला वाटताना पाट्यावर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, शिरक्यातच वाटायचा, कारण पाणी शिरलं की आंबटपणा पातळ होतो आणि टिकाऊपणा गेला. ईस्ट इंडियन घरातल्या बाईला रसायनशास्त्राची परिभाषा माहीत असण्याची गरज नव्हती. पाट्यावर पाणी पडलं तर आठव्या दिवशी बरणीवर बुरशी दिसते, एवढी खूण पुरेशी होती.

म्हणूनच माझा निकाल बरणीच्या बाजूने. आलेंतेजूत जे काम मिठाची पेटी आणि थंडी मिळून करत, ते इथे शिरका, मीठ, मिरची आणि बरणी यांनी मिळून केलं. मोठी मांडी अख्खी टिकवण्याचा नाद सोडावा लागला, कारण शिरकाही जाड मांसाच्या गाभ्यात लवकर पोचत नाही. त्यामुळे तुकडे लहान झाले. गोव्यातल्या सॉसेजसाठी, म्हणजे चोरीससाठी, मांसाचे छोटे तुकडे मीठ लावून वजनाखाली दाबतात, पाणी निघून गेलं की मसाला-शिरक्यात मुरवतात, धुतलेल्या आतड्यात भरून दोऱ्याने जपमाळेसारखे मणी बांधतात आणि उन्हात नाहीतर चुलीवरच्या धुरात टांगतात. सोरपोतेलसाठी मांस, काळीज, गुरदा आधी अर्धवट उकडून मग अगदी बारीक चिरतात. उकडल्यावर मांस घट्ट होतं म्हणून बारीक चिरता येतं. हे चिरण्याचं काम घरात विळीवर चाले. पातं स्थिर, दोन्ही हात मोकळे, आणि तासन्‌तास बसून बायका तुकडे पाडतात. पाहुण्याला अंगणातली टोकदार सुरी आधी दिसते, पण सोरपोतेलचे तास जातात ते विळीवर.

बरणीच्या शेजारी आणखी एक भांडं आलं, ते इंग्रजांच्या काळात. बिअरची गडद रंगाची बाटली. उन्हाळ्यात, मिरच्या कडक वाळल्या की, ईस्ट इंडियन गावठाणांत मसाला भाजून उखळात कुटला जातो, आणि वीस-पंचवीस जिन्नसांचा तो मसाला धुऊन वाळवलेल्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात. गडद काच ऊन अडवते, अरुंद तोंडातून दमट हवा कमी शिरते, त्यामुळे पुढचा पावसाळा तो सहज काढतो. बाटली मसाला हे नाव त्यावरून पडलं. ईस्ट इंडियन हे समाजाचं नावही त्याच काळातलं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, इथल्या मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी ते अधिकृतपणे घेतलं. त्याआधी दीडशे वर्षं, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत, चिमाजी अप्पांच्या फौजांनी ठाणे, साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून घेतली होती. राज्य गेलं, किल्ला गेला. ठाण्याचा तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. फ्रान्सिस्कनांनी मासुंदा तलावाकाठी उभारलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च मात्र राहिलं, आणि भोवतीच्या अंगणांत बरण्याही राहिल्या. ज्यांनी ही रीत आणली ते निघून गेल्यावरही ती पावणेतीनशेहून अधिक वर्षं टिकली, यावरून ती इथल्या हवेला किती चपखल बसली होती ते कळतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी ईस्ट इंडियन घरात उंबराचं पाणी आणण्याचा विधी होतो. बँडच्या तालावर बायका विहिरीकडे जातात. पूर्वी मांडवाच्या मागच्या बाजूला तोवर चुली पेटलेल्या असत आणि उद्याच्या जेवणाचं डुक्कर कापून झालेलं असे. ही वेळही हवामानानेच ठरवली होती. मांस ताजंच संपवायचं असेल तर खाणारी माणसं भरपूर हवीत, आणि लग्नाइतकी माणसं दुसऱ्या कुठल्या दिवशी जमतात? जे उरेल ते शिरक्यात.

थंडी शेवटी आलीही, पण परक्या वाटेने. १८३४ साली मुंबईत अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजाने उतरला. तो श्रीमंतांच्या पेल्यांसाठी होता, मांसासाठी नव्हे. १८५३ ला रेल्वे ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला, आणि कल्याणच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन आणि गोवेकर कुटुंबं राहू लागली. स्वातंत्र्यानंतर, पंचवार्षिक योजनांच्या काळात, बोरिवलीला सरकारी बेकन कारखाना उभा राहिला. तिथे उकडीचा हौद होता, टांगत्या रुळांवरून सरकणारी जनावरं होती, शीतगृह होतं. आलेंतेजूच्या अंगणातली थंडी विजेवर चालणाऱ्या खोलीत कोंडून साष्टीत आणली गेली ती तेव्हा. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला, त्यात डुकरांचा विभाग वेगळा.

त्यानंतरचं सगळं झपाट्याने घडलं. १ ऑक्टोबर १९८२ ला ठाणे महानगरपालिका झाली, बरोबर एक वर्षाने कल्याण-डोंबिवली. २००१ च्या केंद्रीय नियमांनी महापालिका हद्दीत परवाना असलेल्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला बंदी घातली. प्राण्याच्या वेदनेच्या आणि स्वच्छतेच्या दृष्टीने हे योग्यच झालं, असं मला मनापासून वाटतं. गर्दीच्या सोसायटीत, उघड्या गटारालगत डुक्कर कापणं कुणाच्याच भल्याचं नव्हतं. पण त्याबरोबर झावळ्यांचा जाळ, करवंटीचं खरवडणं, रक्ताचं भांडं ढवळणारी काठी ही सगळी हातांतली विद्या एका पिढीत निघून गेली. आता मांस कोल्ड स्टोरेजच्या दुकानातून येतं, विजेच्या पट्टी-करवतीने कापलेलं, कातडीवर गॅसच्या बत्तीचे काळे डाग असलेलं. रक्त मिळत नाही. बहुतेक घरांत सोरपोतेल रक्ताशिवायच होतं, आणि त्याची दाटी काळजावर भागवली जाते. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने माडीवरची बंधनं कडक झाली, झाडं बांधकामांत गेली, आणि शिरका आता बाटलीतून दुकानातून येतो. तो आंबट असतो, पण माडीच्या शिरक्याची मागून येणारी गोडसर चव त्यात नसते.

लोखंडाच्या कुळातली जवळजवळ सगळी हत्यारं अशी घराबाहेर गेली. मातीच्या कुळातली राहिली. मनोरीला ईस्ट इंडियन समाजाचं संग्रहालय आहे, तिथे जुनी भांडी जपून ठेवली आहेत. तिथे जाणाऱ्याने बरणीपुढे जरा थांबावं. ठाण्यात, उत्तनमध्ये, वसईत नाताळाच्या आधी तीन-चार दिवस आजही सोरपोतेल रांधलं जातं. घरात फ्रिज असतो, तरी कित्येक घरांत ते पातेल्यातच राहतं, रोज एकदा गरम केलं जातं, शिरका मांसात मुरत जातो, आणि पाहुण्यांच्या पानात ते वाढतात ते तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी.